सगळं संपलंय, पुढच्या चौकात बघा

शहरातल्या खाण्यापिण्याच्या जागा शोधायच्या, तिथं जेवायचं आणि घरी येऊन त्याबद्दल लिहायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. कुणाला सांगितलं की समोरच्याच्या तोंडाला पाणी सुटतं. "मजा आहे बुवा तुमची." मजा! मागच्याच आठवड्यात एका ठिकाणी फरशीच्या तुकड्यावर बिटाची एक फोड आली. तिच्यावर धूर सोडायला एक माणूस काचेचं झाकण घेऊन वेगळा आला. धूर माझ्या डोळ्यांत गेला आणि बीट कच्चं निघालं. त्याच्या आधी एका बारमध्ये गेले, तर तिथं उजेड इतका बेताचा की मी शेजारच्या गृहस्थाच्या ग्लासातलं प्यायले. त्यालाही पत्ता लागला नाही.

माझा रकाना दर शुक्रवारी पुरवणीत येतो, बिननावाचा. सांगून जायचं नाही, फुकट खायचं नाही आणि आपण कोण हे कुणाला कळू द्यायचं नाही, असा वर्तमानपत्राचा दंडक आहे. पुरवणीचा संपादक माझ्यापेक्षा बराच लहान आहे आणि दर सोमवारी फोन करून एकच वाक्य म्हणतो, "मॅडम, या वेळी काहीतरी हटके द्या ना." या शब्दानं माझं डोकं उठतं. हटके म्हणून मी लिफ्टमध्ये मांडलेल्या टेबलावर जेवलेय. वरच्या मजल्यावरच्या माणसाला खाली जायचं होतं, तो पोळीचा घास होईपर्यंत बटण दाबत उभा होता.

बाबा माझ्याकडेच राहतात. बस डेपोतल्या चौकशीच्या खिडकीत त्यांची सगळी नोकरी गेली. कुणी गाडी विचारली की वर न बघता "गेली" म्हणायचं, हे काम त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं की निवृत्त झाल्यावरही घरात काही मागितलं की आधी "नाही" येतं, मग ती वस्तू येते. रोज संध्याकाळी ते केस विंचरायचे, धुतलेला शर्ट घालायचे आणि "पाय मोकळे करून येतो" म्हणून निघायचे. परत आले की त्यांना भूक नसायची. शर्टाला मात्र कांद्याचा वास यायचा. कढईच्या तळाशी लागून गोड झालेल्या कांद्याचा, त्यात ताज्या कुटलेल्या मिरीचा. नाक हे माझं भांडवल आहे. मला कळत होतं की हा माणूस कुठंतरी फार चांगलं खाऊन येतोय.

"कुठं जाता?" मी विचारायचे.

"कुठं नाही. असाच."

मी अख्खं गाव पालथं घालून कच्ची बिटं खायची आणि माझ्या सख्ख्या बापानं घरातल्या घरात माझ्यापासून चांगली जागा लपवायची, याला काय म्हणायचं? पाठलाग करण्याइतकी मी खाली उतरले नाही. पण विचार मनात आला नाही असंही नाही.

पाठलाग करायची गरजच पडली नाही. एका संध्याकाळी मी गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांमागच्या गल्लीतून चालले होते आणि तोच वास आला. गल्लीच्या टोकाला एक अर्धं खाली ओढलेलं शटर होतं. वर पाटी असावी, पण तिच्यावर कुणीतरी रेनकोट टांगून ठेवला होता. वाकून आत डोकावले. दाराला लागूनच एक छोटं टेबल होतं आणि त्यामागे वर्तमानपत्र उघडून कुणीतरी बसलं होतं.

"सगळं संपलंय," वर्तमानपत्रामागून आवाज आला. "पुढच्या चौकात बघा."

"बाबा," मी म्हणाले.

वर्तमानपत्र अगदी सावकाश खाली आलं. त्यांच्या मागच्या टेबलावर त्यांच्याच वयाचे तिघं बसले होते. तिघांपुढे तीन छोटे ग्लास आणि मध्ये कलेजीची एकच बशी. ते एकदम छताकडे बघायला लागले. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात आतून हात पुसत मालकीण आली. चाळिशीची असेल, उंच, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. मला बघून तिचा चेहरा असा खुलला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "या ना, या. बसा. जेवणार का?"

"संपलंय ना सगळं?" मी म्हणाले.

"छे हो. सगळं आहे."

मी बाबांकडे बघितलं. ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले होते. पान उलटं नव्हतं, पण जाहिरातीचं होतं, आणि ती जाहिरात बायकांच्या चपलांची होती.

मी जेवले. आधी घेवड्याचं सूप आलं, दाट आणि साधं, वर काही भुरभुरवलेलं नाही. मग तळलेला मासा. वरून कडक, आत काट्यापर्यंत शिजलेला आणि तरी ओलसर. मग ती कलेजी. कलेजी चांगली करणारी माणसं मी एका हातावर मोजू शकते. एक क्षण जास्त झाला की तिचं रबर होतं. ही तोंडात टाकली आणि मी डोळे मिटले. इतक्या दिवसांचा सगळा धूर, सगळ्या फरशा आणि तो लिफ्टमधला घास डोळ्यांपुढून गेला, आणि मला आनंद व्हायच्या आधी राग आला.

मालकीण टेबलापासून हलत नव्हती. "मीठ बरोबर आहे?" तिनं विचारलं. थोड्या वेळानं, "मिरी जास्त नाही ना झाली?" मग खुर्ची ओढून समोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, वाईट वाटून घेणार नाही. खरं काय ते सांगा."

"उत्तम आहे," मी म्हणाले. "असं का विचारताय?"

"लोक थांबत नाहीत हो. दारापर्यंत येतात. आत ओट्याशी कढईच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, पण शटरखालून त्यांचे पाय दिसतात. येतात, थोडा वेळ उभे राहतात आणि परत फिरतात. वासच आवडत नसणार. सासूबाई होत्या तेव्हा बाहेर बाक टाकावे लागायचे. मी हातात घेतलं आणि गेल्या वर्षभरात हे असं झालं." ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. "कांदा कमी परतून बघितला, तेल बदललं, मिरी बदलली. त्यांच्या हातची चव माझ्या हाताला नाही, दुसरं काय. महिनाअखेर बंद करतेय. बहिणीचं पडद्यांचं दुकान आहे, तिथं शिवायला बसेन."

"आणि हे?" मी बाबांच्या टोळीकडे मान वळवली.

"काका लोक होय? देवमाणसं आहेत. मला वाईट वाटू नये म्हणून रोज येतात. एक बशी चौघांत खातात बिचारे. आवडत नसेल, तरी कधी बोलत नाहीत."

माझ्या पाठीमागे वर्तमानपत्राचा आवाज थांबला.

घरी जाताना मी झपाझप पुढे चालत होते. बोलले असते तर रस्त्यात तमाशा झाला असता. चौक ओलांडल्यावर बाबाच म्हणाले, "तू आता त्याच्यावर लिहिणार."

"तुम्ही गिऱ्हाईक हाकलता तिथं बसून?"

"हाकलत नाही. माहिती देतो."

"खोटी."

"अगं, शांत जागा राहिलीय का कुठं या गावात? डेपोजवळच्या त्या सूपवाल्यावर तू मागे लिहिलंस. काय झालं? आता तिथं छताला झाडं टांगलीत आणि तो मला 'सर' म्हणतो. मी त्याला त्याच्या लहानपणापासून ओळखतो. आम्ही चौघांनी ठरवलं, ही एक जागा तरी राहू द्यायची. आळीपाळीनं दाराशी बसतो. कुणाचं काही वाईट केलं नाही."

"रेनकोट कुणाचा?"

"शिंप्याचा," ते म्हणाले. तो त्यांच्या टोळीतलाच. "जुना आहे."

"बाबा, ती महिनाअखेर बंद करतेय."

ते थांबले. मागून येणारा सायकलवाला त्यांना वळसा घालून काहीतरी पुटपुटत गेला. "आम्हाला बोलली नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला कशी बोलेल? तिला वाटतं तुम्ही तिच्यावर उपकार करताय. तिला वाटतं तिच्या हाताला चव नाही. रोज ओट्याशी उभी राहून परत जाणारे पाय बघते ती, आणि ते पाय तुम्ही परत पाठवता. वर तिच्याच हातची कलेजी खाता."

मला इतकं चिडलेलं त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितलं नसावं. दिव्याच्या खांबाला हात लावून ते उभे राहिले. मग म्हणाले, "उद्या सांगतो तिला."

दुसऱ्या दिवशी ती कामात होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची बहीण आली होती. मग बाबांचा घसा बसला, मग शिंपी म्हणाला की सगळे मिळून सांगू, मग शिंप्याच्या गुडघेदुखीनं उचल खाल्ली. डेपोत एखादी गाडी का आली नाही याची जितकी कारणं त्यांनी ऐकली असतील, तितकी सगळी मला ऐकवून झाली. रेनकोट तेवढा काढला. दाराशी कुणी काही सांगेनासं झालं. पण आता कुणी दाराशीच येईना. तिथं कायम सगळं संपलेलं असतं, हे आजूबाजूला पाठ झालं होतं.

"तुम्ही नाही सांगत तर मी सांगते," मी एका रात्री जेवताना म्हणाले.

"नको," बाबा म्हणाले. त्यांनी ताट पुढे सारलं. "ती मला देवमाणूस म्हणते गं."

मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचाही संताप आला. मी उठून लिहायला बसले. मासा, सूप आणि कलेजी यांबद्दल जे खरं होतं ते लिहिलं. पण नुसतं कौतुक लिहून भागणार नव्हतं. गल्लीतले लोक म्हणाले असते, तिथं काही मिळत नाही. आणि ती म्हणाली असती, कुणीतरी दया दाखवली. तेव्हा शेवटी आणखी चार ओळी घातल्या. दाराशी एक म्हातारा बसलेला असेल. सवयीनं तो वर न बघता तुम्हाला सांगेलही की सगळं संपलंय. गेलं वर्षभर तो आणि त्याचे मित्र हे सगळ्यांना सांगत आलेत, कारण इतकं चांगलं जेवण त्यांना कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. त्याचं ऐकू नका, आत जा. तो माझा बाप आहे.

संपादकाचा फोन आला. "मॅडम, शेवटचा भाग काढतो. तुमची ओळख उघडी पडेल."

"राहू दे."

"मग हा रकाना तुमच्याकडे ठेवता येणार नाही. तुम्हाला माहितीय."

"माहितीय. कच्चं बीट आता दुसऱ्या कुणाला तरी खाऊ दे."

शुक्रवारी बाबांनी पुरवणी खिडकीशी उभं राहून वाचली. वाचून झाल्यावर तिची नीट घडी घातली. "म्हातारा लिहायची गरज नव्हती," एवढंच म्हणाले. संध्याकाळी त्यांनी केस विंचरले, चांगला शर्ट घातला आणि दारात माझ्यासाठी थांबले.

गल्लीत माणसं उभी होती. शटर पूर्ण वर होतं. आत टेबलं भरलेली, टोळीतले तिघं एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसलेले. दाराजवळचं टेबल तेवढं रिकामं ठेवलं होतं. बाबा सवयीनं तिथं बसले. येणारे त्यांच्याकडे बघून हसत आत जात होते. एक मुलगी तर म्हणाली, "काका, संपलंय म्हणा ना एकदा." बाबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. ते आतल्या ओट्याकडे बघत होते.

मालकीण बाहेर आली. हातात पुरवणी होती, तिच्यावर तेलाची बोटं उमटलेली. आसपासची बडबड कमी झाली. ती बाबांच्या समोर उभी राहिली. बाबा उठायला गेले, पण त्यांना नीट उठता येईना.

"काका, हे खरं आहे?" तिनं विचारलं.

"हो."

"सगळ्यांना सांगायचात? रोज?"

"रोज. येणाऱ्या प्रत्येकाला." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "चुकलो आम्ही. मी फार चुकलो."

मला वाटलं ती आता त्यांना हाकलून देईल. द्यायलाच हवं होतं. मी बाबांची पिशवी उचलून हातात घेतलीही होती. ती मात्र समोरच्या खुर्चीत मटकन बसली आणि कोपरापर्यंत उघडे असलेले हात तिनं टेबलावर ठेवले.

"म्हणजे माझ्या हाताला काही झालं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही," बाबा म्हणाले. "कधीच नाही."

हातांनी तोंड झाकून ती सगळ्यांदेखत रडली. बराच वेळ रडली. जेवणं थंड होत होती तरी कुणी घास उचलला नाही. मग तिनं डोळे पुसले, दाराबाहेर उभ्या असलेल्यांकडे बघितलं आणि बाबांना म्हणाली, "उठा आता. बाहेर माणसं खोळंबलीत, हे टेबल लागेल मला."

बाबा उठले.