तिपाईचं डावं चाक

पंक्चर झालं तेही नेमकं घाटमाथ्यावर. आता उतार सुरू होणार, आणि मागचं डावं चाक बसलेलं. ड्रायव्हरकाकांनी गाडी वळणाजवळच्या मोकळ्या जागेत घेतली, हेल्मेट न काढताच खाली उतरले आणि चाकाकडे असं रागाने पाहिलं, की जणू त्याने मुद्दाम दावा साधला होता.

"बसलं," ते म्हणाले.

"दिसतंय मला. मी काय शोभेला वाकलेय?" काकूंनी जॅक आत सरकवला.

काका म्हणजे उभी हयात बस चालवलेला माणूस. निवृत्त झाले आणि डाव्या कानाचं दुखणं निघालं. कान गेला आणि कानाबरोबर शरीराचा तोलही गेला. दुचाकीवर बसले की गाडी एकीकडे आणि काका दुसरीकडे. दुसरा कोणी असता तर मुकाट्याने घरात बसून वर्तमानपत्रातली कोडी सोडवत राहिला असता. काकांनी मात्र एका गॅरेजवाल्या मित्राचं डोकं खाऊन तीन चाकांची गाडी बनवून घेतली. पुढून मोटरसायकल, मागून एका भंगारातल्या मोटारीचा ॲक्सल. शेजारी विचारायचे, "काका, रिक्षाचं छप्पर कुठे उडालं?" काकूंनी तिचं नाव तिपाई ठेवलं आणि तेच रूढ झालं.

त्या तिपाईवरून दोघं लेकीकडे निघाली होती. लेक पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठच्या गावात राहायची. तिने आधीच बजावलं होतं, "आई, बाबांचा दुसरा कानही जातोय असं मला वाटतं. तसं असेल तर गाडी बंद. किल्ली मी घेणार. खरं काय ते सांगायची जबाबदारी तुझी." प्रत्येक मुक्कामावर तिचा फोन यायचा. "बाबांना नीट ऐकू येतंय ना?" आणि काकू प्रत्येक वेळी बेधडक सांगायच्या, "हो गं, चांगलं खणखणीत."

धादांत खोटं. मागून हॉर्न वाजला की काकूच काकांच्या पाठीवर हळूच थोपटायच्या. मग काका आरशात बघायचे आणि गाडी बाजूला घ्यायचे. पेट्रोलपंपावरचा माणूस काही बोलला की काकू मोठ्याने "काय म्हणालात? टाकी पूर्ण भरू?" असं विचारायच्या, म्हणजे काकांना आपोआप कळायचं. एकदा का किल्ली लेकीकडे गेली की काका खुर्चीत बसतील आणि पुन्हा उठायचे नाहीत, ही धास्ती काकूंनी घेतली होती. नवऱ्याला खुर्चीत मिटत गेलेलं त्यांनी कानाच्या दुखण्यात एकदा पाहिलं होतं. पुन्हा बघायची त्यांची तयारी नव्हती.

गाडीची देखभालही दोघांत वाटलेली होती. सकाळी तेल बघायचं, हवा बघायची, ब्रेक दाबून बघायचे. पण काका खाली वाकले की त्यांना गरगरायचं, म्हणून वाकायची कामं सगळी काकूंची. चाक बदलायचं झालं तर काकू चाक चढवायच्या, चारही नट हाताने फिरवून बसवायच्या आणि जॅक उतरवायच्या. मग काकांनी लांब दांड्याचा पाना लावून, उभ्याउभ्या, अंगाचा भार टाकून ते आवळायचे. शेवटचं आवळणं काकांचंच. त्यात ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. "तुझ्या शिलाई मशीनला मी कधी हात लावतो का?" असं वर ऐकवायचे.

त्या दिवशी सगळं घाईत झालं. वारा असा सुटला होता की डोळ्यांत धूळ जात होती. काकूंनी स्टेपनीचं चाक चढवून नट बसवले, जॅक उतरवला, तेवढ्यात मागे एक ट्रक येऊन उभा राहिला आणि त्याला तीच जागा हवी होती. ट्रकवाला खिडकीतून हातवारे करायला लागला. पंक्चर झालेलं चाक मागे बांधायचं राहिलं होतं. ते बांधायला काकू धावल्या, आणि बांधता बांधता त्यांनी हेल्मेट चढवलं. वळून बघतात तर काका हँडलपाशी उभे.

काकूंनी विचारलं, "झालं?"

काका म्हणाले, "झालं!"

आणि दोघं निघाली.

आता हा शब्दच असा दगलबाज आहे. शेवट वर नेला की प्रश्न, खाली आणला की उत्तर. त्यातला फरक कळायला धड कान लागतो. काकांच्या हेल्मेटमध्ये त्या शब्दाची फक्त अक्षरं पोचली, सूर पोचलाच नाही. त्यांना वाटलं, बाईसाहेब सांगताहेत की झालं, म्हणजे ट्रकवाल्याच्या कटकटीपायी आज यांनी आवळूनही टाकलं. म्हणून सुटकेचा श्वास टाकत तेही म्हणाले, झालं. जुने नट सैल करून झाल्यावर पाना हत्यारांच्या डब्यात परत गेला होता, तो तिथेच होता. त्यानंतर डबा कुणीच उघडला नव्हता.

उतार सुरू झाला. डावीकडे बुटका कठडा आणि त्यापलीकडे दरी. काका वळणं मजेत घेत होते. आयुष्यभर लांबलचक बस वळवणाऱ्याला तिपाई म्हणजे खेळणं.

तिसऱ्या वळणाच्या आसपास काकूंना आवाज आला. टक. मग थोडा वेळ काहीच नाही. मग टक, टक. त्यांनी कान टवकारले. गाडी हळू झाली की आवाज हळू व्हायचा, वेग आला की भराभर. म्हणजे फिरणाऱ्या वस्तूचा आवाज. म्हणजे चाक.

त्यांनी पाठीवर थोपटलं. काकांनी आरशात पाहिलं, मागून येणारं काहीच दिसलं नाही, तेव्हा त्यांनी मान हलवली. ही थोपटण्याची भाषा त्यांनीच बनवली होती आणि त्यात हॉर्न सोडून दुसरा शब्दच नव्हता.

"चाक!" त्या ओरडल्या. "अहो, चाक!"

"चहा?" काका मागे न बघता ओरडले. "खाली मिळेल! आत्ताच तर प्यायलीस!"

आता टकचं खट झालं होतं, आणि काकूंच्या सीटखालून गाडी डावीकडे किंचित बसायची आणि परत उचलायची. त्यांनी खाली पाहिलं. चाक सरळ फिरत नव्हतं. ते डुलत होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत काहीतरी चकाकून कठड्यावर आपटलं आणि दरीत गेलं. काकूंनी मूठ वळली आणि काकांच्या पाठीत असा दणका घातला, की लग्न झाल्यापासून कधी घातला नव्हता. काकांनी वळून पाहिलं. काकूंचं बोट खाली होतं. काकांची नजर बोटामागे गेली.

त्यानंतर ते एकदम शांत झाले. काकूंना तीच शांतता सर्वांत जास्त भीतीची वाटली.

"उजवीकडे सरक," काका मोठ्याने पण सावकाश म्हणाले. "सगळं अंग उजव्या चाकावर टाक. बाहेर लोंबकळलीस तरी चालेल."

काकू सरकल्या. सीटचा मागचा दांडा एका हाताने धरला, उजवा पाय चाकावरच्या पत्र्याला टेकवला आणि जीव मुठीत धरून कंबरेपासून बाहेर झुकल्या. रस्ता त्यांच्या खांद्याखालून पळत होता. खट, खट, खट. मागून हॉर्न वाजला, तोच ट्रक असावा, पण थोपटायला हात मोकळा नव्हता. काकांनी ब्रेक कचकन दाबला नाही. गिअर एकेक करून खाली आणले, पुढचा ब्रेक बोटाने नुसता कुरवाळला, आणि गाडी कठड्याच्या कडेने जेमतेम चालती ठेवली. पुढच्या वळणावर रस्तेदुरुस्तीवाल्यांनी खडीचा ढीग टाकलेला होता. काकांनी पुढचं चाक त्या ढिगात घातलं. तिपाई खडीत रुतली, थरथरली आणि थांबली. ट्रक शिव्या देत बाजूने गेला.

काकूंचा हात दांड्यावरून सुटेचना. काकांनी येऊन एकेक बोट सोडवलं.

चार नटांपैकी दोन गेले होते. तिसरा काकूंनी बोटाने फिरवला तर हातातच आला. चौथा आट्यांच्या टोकाशी कसाबसा अडकून बसला होता. अजून एक वळण गेलं असतं तर चाक कठड्यावरून आधी गेलं असतं आणि ही दोघं त्याच्या मागून.

काका कठड्यावर बसले. हेल्मेट काढलं. "तू म्हणालीस झालं."

काकूंनीही हेल्मेट काढलं आणि मोठ्याने, तोंड त्यांच्या समोर आणून म्हणाल्या, "मी विचारलं होतं. झालं का, असं विचारलं होतं."

"का कुठे होता त्यात?"

"नव्हता. पण विचारलं होतं. आणि तुम्ही झालं म्हणालात."

"मी म्हटलं, चला, झालं एकदाचं!"

काकूंच्या जिभेवर सबब तयार होती. वारा होता, ट्रकवाल्याने घाई केली, हेल्मेटमध्ये कुणालाही ऐकू येत नाही. वाऱ्यावर ढकललं असतं की निभावलं असतं. काकांचा चेहराही तीच वाट बघत होता. काकूंनी सबब गिळली. ती गिळताना त्यांना इतका त्रास झाला की डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही हो," त्या म्हणाल्या. "डाव्याने नाहीच, आता उजव्यानेही नाही. मी कधीपासून आवाज ऐकत होते. तुम्ही चहाचं बोलत होतात."

काकांनी खाली पाहिलं. मग म्हणाले, "ठाऊक आहे मला. तू थोपटायला लागलीस त्या पहिल्याच दिवशी कळलं. म्हटलं, ही बोलत नाही तोवर आपण कशाला बोला?"

"म्हणजे दोघं मिळून फसवत कुणाला होतो?" काकू भडकल्या. "मरणाला? मी लेकीशी खोटं बोलले, तुमची किल्ली जाऊ नये म्हणून. आज किल्लीसकट तुम्हीच गेला असतात, आणि वर मला घेऊन!"

आपण जास्त बोललो असं काकूंना वाटलं, पण एकही शब्द परत घ्यावासा वाटला नाही. त्या उठल्या, जॅक काढला आणि कामाला लागल्या.

उजव्या चाकाचा एक नट काढून डाव्याला लावला. दोन्हीकडे तीन-तीन झाले. खालच्या गावापर्यंत तेवढे पुरणार होते. हाताने बसवून झाल्यावर काकू बाजूला सरकल्या. काकांनी पाना लावला, दांड्यावर सगळा भार टाकला, आणि एकेक नट कुरकुरत बसला. मग त्यांनी तोच पाना काकूंच्या हातात दिला. "तूही आवळ."

"शेवटचं तुमचं असतं."

"आवळ म्हणतोय ना."

काकूंनी आवळलं. नट हलले नाहीत. चांगले बसले होते.

काकांनी गाडी खडीतून मागे ओढली आणि खिशातून किल्ली काढली. ती हातात घेऊन ते थोडा वेळ उभे राहिले. खालच्या वळणावर एक बस दम खात चढत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले. मग त्यांनी किल्ली पुढे केली.

"हे काय?" काकू म्हणाल्या.

"नट पुन्हा सैल झाला तर कळायला पुढे कान हवा. मागून सांगेपर्यंत उशीर होतो."

"मी फक्त मैदानात चालवलीय. तिथे उतार नव्हता!"

"दुसऱ्या गिअरला ठेव आणि सोड. इंजिनच धरेल. आवाज आला तर थांब. माझं ऐकायच्या फंदात पडू नकोस, मी उगाच काहीतरी बोलेन."

काकूंना नको म्हणायचं होतं. खुर्चीत मिटलेला तो माणूस त्यांना दिसत होता, आणि त्याला तिथे बसवणारा हात आपलाच असणार हेही दिसत होतं. पण दरीत गेलेला नटही दिसत होता. त्यांनी किल्ली घेतली.

काका मागच्या सीटवर चढले. चढले खरे, पण हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. आयुष्यात ते कधी कुणाच्या मागे बसलेच नव्हते. मांडीवर ठेवले, मग दांड्याला धरले, शेवटी काकूंच्या खांद्यांवर ठेवले. काकूंनी गाडी दुसऱ्या गिअरला टाकली आणि सोडली. इंजिन घुमलं. दोन्ही चाकं मुकाट फिरत होती. काकू त्या फिरण्याकडेच कान देऊन होत्या.

पहिलं वळण आलं. काकूंना आपल्या टाचेमागे काहीतरी दाबलं गेल्याचं जाणवलं. त्यांनी खाली नजर टाकली. काकांचा उजवा बूट मागच्या सीटच्या पाय ठेवायच्या दांडीवर घट्ट रोवलेला होता. तिथे ब्रेक नव्हता. तरी वळण संपेपर्यंत काका तो दाबून होते.