शंभूमहाराजांची जांभळी पट्टी

विश्रांतवाडीच्या मंगल कार्यालयात दर गुरुवारी एवढी गर्दी, की लग्नांना तारीख मिळेना. साल दोन हजार चार. मोबाइल मिरवणारे आयटीवाले आणि काठी टेकणारे पेन्शनर एकाच रांगेत. पुढ्यात शंभूमहाराज. कापूर-तुळशीच्या वासाच्या तीर्थात धातूची चकचकीत सोनेरी पट्टी भिजवायची, दुखऱ्या गुडघ्यावर ठेवायची, दहा मिनिटांनी धुऊन पुसायची. पट्टी जांभळी! उरलेलं तीर्थ भक्ताच्या पोटात.

"वेदना पट्टीत उतरली! देहात डॉक्टरी धातू, वर गोळ्यांचा मारा? गोळ्या बंद!"

स्वराली आली होती आनंदीआत्यासाठी. आत्याने महिन्यापूर्वी गुडघा बदलून घेतला होता. आता तो लालबुंद, गरम, अंगात ताप. आणि दोन गुरुवारांपासून औषध बंद.

"आत्या, डॉक्टरांकडे चल."

"पीएच.डी. तुझी चालू आहे, गुडघा माझा आहे. रंग बदलतो तो मला दिसतो."

तो स्वरालीलाही दिसला होता, आणि चांगलाच ओळखीचा होता. कृत्रिम सांध्यांच्या धातूवर रक्तातली प्रथिनं किती चिकटतात, हे ती प्रयोगशाळेत अशाच पट्ट्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या रंगावरून रोज मोजायची.

ती पुढे झाली. "महाराज, या टेबलाचा एक पाय लंगडतोय. बघता का?"

हशा पिकला. महाराज कडाडले, "श्रद्धेची थट्टा?"

"ठेवा हो पट्टी," आत्या म्हणाली. "हिचं तोंड तरी बंद होईल."

नवी पट्टी तीर्थात भिजवून टेबलाच्या पायाला दोऱ्याने बांधली. दहा मिनिटांनी धुतली. जांभळी!

"टेबलालाही संधिवात!" मागून कोणीतरी ओरडलं.

स्वरालीने दुसरी पट्टी साध्या पाण्यात बुडवली. सोनेरीच राहिली. मग वाटीभर तीर्थ तिने मुदपाकखान्यातल्या शेगडीवर ठेवलं. त्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगल्या. स्वयंपाकीण बायडाबाईंनी डोकावून पाहिलं.

"अगं बया, ह्ये तर अंड्यातलं पांढरं हाय!"

"दोन गुरुवार उपास धरून मी अंडं प्यायले?" आत्याचा आवाज चिरकला.

स्वराली म्हणाली, "पट्टीवर पारदर्शक मुलामा आहे. त्याच्या वरून आणि तळातून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, त्याचा हा रंग. साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा. अंड्यातलं प्रथिन चिकटलं की थर किंचित जाड होतो आणि रंग पालटतो. खाली गुडघा असो की टेबल."

लोक महाराजांकडे वळले, तर आसन रिकामं.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी आत्याचा गुडघा उघडून धुतला. "आणखी आठवडा गेला असता, तर सांधाच काढावा लागला असता," ते म्हणाले.

चार दिवसांनी रांगेतले एक गृहस्थ भेटायला आले. "काही म्हणा, आनंदीताई, मला पट्टीने खरंच बरं वाटलं होतं."

"रंग बदलला, तर का बदलला ते विचारा. तपासू देत नसतील, तर तिथून उठा." आत्याने पाय सावकाश सरळ केला. "बरं मलाही वाटलं होतं. आत पू वाढतच होता."