दलदलीत नोंदलेली नाणी

डेझमंड थर्केटलने तंबाखूचा डबा टेबलावर असा आपटला की माझा चहा सांडला.

"चर्चमागच्या शेतात खडीची खाण येतेय, बाईसाहेब! माझं सोन्यासारखं शेत! आणि तुमचं म्युझियम झोपलंय!"

इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात सापडणाऱ्या जुन्या वस्तू म्युझियमसाठी नोंदवणं हे माझं काम. डेझमंडसारख्या, मेटल डिटेक्टर घेऊन दुसऱ्यांची शेतं पालथी घालणाऱ्यांचे रुसवेफुगवे झेलणं हे त्याहून मोठं काम. मी डबा उघडला. तेराव्या शतकातल्या, तिसऱ्या हेन्री राजाच्या काळातल्या चांदीच्या पेनी, बऱ्याचशा मधोमध कापलेल्या. तेव्हा सुट्टे हवे असले की लोक नाणंच कापत. एकीवरचं टाकसाळीचं नाव काही केल्या लागेना, कारण पठ्ठ्याने ती टूथपेस्टने घासली होती. घासू नका, घासू नका म्हणून सांगून माझी जीभ झिजली.

"इतकी कापलेली नाणी म्हणजे तिथे बाजार भरत असणार," मी म्हणाले. "कुठे मिळाली?"

"त्याच शेतात. चर्चमागे."

"पण अशीच नाणी तुम्ही इतकी वर्षं दलदलीकडच्या कुरणातून आणताय. नोंदींच्या नकाशावर तुमचे सगळे ठिपके तिथेच आहेत."

तो खिडकीबाहेर बघू लागला.

"डेझमंड?"

"तीही चर्चमागचीच. खरी जागा सांगितली असती तर चोरट्यांनी शेत धुऊन नेलं असतं. ताकास तूर लागू दिली नाही मी!"

वर हसलाही. माझे कान रागाने तापले.

"अहो, खाण त्या कुरणातच व्हायची होती! तुमचे ठिपके बघून मीच लिहून दिलं, इथे जुना बाजार आहे, हात लावू नका. मग खाणवाल्यांनी नकाशात रिकामी जागा शोधली. रिकामं दिसलं ते चर्चमागचं शेत. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात!"

तो मटकन खुर्चीत बसला.

"मग बदला की नोंदी."

"बदलते. पण जेसीबी दारात उभा असताना बदललेली नोंद कोण खरी मानेल? ही नाणी तिथलीच, याला पुरावा काय?"

"माझा शब्द आहे ना," डेझमंड म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली.