तीन दिवसांचा पुल्ला

मित्रांनो, मी एक जुना पाव आहे. जुना म्हणजे तीन दिवसांचा. पण आम्हा पावांच्या जातीत हे वय म्हातारपणाचंच. माझं नाव पुल्ला. कूळ फिनलंडचं, जन्म मात्र सौदीतल्या जुबैलचा.

हेलेनाबाईंनी मला गोड पिठातून मळलं, यीस्टने फुगवलं, माझी तीनपेडी वेणी घातली. वेलदोडे तर इतके घातले की वास जिन्यापर्यंत गेला. माझ्याशिवाय कॉफी देणं त्यांच्या माहेरी, फिनलंडात, कुणाला रुचत नाही. बाईंचे यजमान कारखान्यात बारा-बारा तास. सबंध आठवड्यात बाई बोलल्या त्या किराणावाल्या शौकतशी, तेही वेलदोड्यांपुरतं. म्हणून त्यांनी वरच्या मजल्यावरच्या कौमुदीला कॉफीला बोलावलं.

कौमुदी सांगलीची. तिचाही नवरा त्याच कारखान्यात. ती आली आणि माझ्याकडेच बघत बसली. मी फुशारलो.

"पुल्ला घेणार?" बाईंनी विचारलं.

"नको, नको! आत्ताच जेवून आलेय."

जेवून कसली येतेय! पण पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणं तिच्या घरी हावरटपणाचं. पुन्हा एकदा आग्रह झाला की मग हात पुढे करायचा. फिनलंडात 'नको' म्हणजे नको. बाईंनी मला उचलून आत नेलं. दोघी नुसती कॉफी प्यायल्या, उन्हाबद्दल चार वाक्यं बोलल्या आणि कौमुदी निघून गेली. तिला आपलं काहीच आवडलं नाही, असं वाटून बाई ओट्याशी रडल्या. मीही तिथेच पडून होतो, एकटा.

मी कडक होत गेलो. तिसऱ्या दिवशी बाईंनी माझे काप करून ओव्हनमध्ये खरपूस वाळवले. तेवढ्यात बेल वाजली.

दारात कौमुदी. शरमेने मान खाली. "तो परवाचा ब्रेड... उरलाय का?" असं मागून खायची तिची पहिलीच वेळ असावी.

"पण तू तर नको म्हणालीस!"

"आमच्यात आधी नकोच म्हणतात. तुम्ही परत विचाराल म्हणून मी वाट बघत होते."

बाई वळून ओट्याकडे गेल्या. मग बशी घेऊन आल्या. "घेणार?"

सवयीने कौमुदीच्या तोंडून "नको" निघालंच.

"घेणार?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"हा तर आमचा टोस्ट!" म्हणत कौमुदीने मला कॉफीत बुडवलं. त्या दुपारी दोघी चार तास बोलत होत्या.

मित्रांनो, माझा आता शेवटचा काप उरलाय, म्हणून घाईने सांगतो. कुणी 'नको' म्हणालं, तर आणखी एकदा विचारा. त्या एका विचारण्यावाचून कितीतरी माणसं भरल्या बशीसमोरून उपाशी उठतात.