कोरडे आटे

लोखंडाला भोक पाडायला मी लग्नानंतर शिकले. म्हणजे शिकायचे हे. मी नुसती पट्टीचं मोकळं टोक धरून बसायची. पण धरणाऱ्यालाही थोडं येतंच.

संस्थान विलीन झालं आणि उज्जैनचं दफ्तर ग्वाल्हेरला हललं. यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या दफ्तराचीच नोकरी. ज्यांना जमलं ते कारकून कागदांमागोमाग गेले. हे जाऊ शकले नाहीत, कारण माझ्या सासूबाई, माई, अर्धांगाने अंथरुणाला खिळल्या होत्या. अंगाने थोराड. त्यांना कुशीवर वळवायचं, बाजेवरून उचलून खाली घ्यायचं ते यांनीच. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, की माई डोळे मिटून घ्यायच्या. मी एकदा उचलायला गेले तर आम्ही दोघीही पडलो. नोकरी मिळायची तर इथेच मिळायला हवी, नाहीतर माईंना उचलणार कोण? घरात दुसरा विषयच नव्हता.

माझा थोरला भाऊ मधुदादा कापडगिरणीत फिटर होता. एक दिवस तो येऊन म्हणाला, "शरदराव, आमच्या खात्यात एक जागा निघतेय. दिवाळीनंतर परीक्षा. लोखंडाच्या पट्टीत भोक पाडून आटे पाडायचे, बस. मी शिकवतो."

"अहो, टाक धरणारे हात हे."

"मग काय झालं? टाक धरतात ते हात ड्रिलही धरतील."

माई बाजेवरून ऐकत होत्या. "लोहारकाम कर. पोटासाठी सगळं करावं लागतं," त्या म्हणाल्या. "पण गिरणीत म्हणे चरबी वापरतात. त्या हाताने मला शिवायचं नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"नाही हात लावणार चरबीला," हे म्हणाले.

मधुदादा हसला. "माई, मी तिळाच्या तेलावर शिकवतो. तुमच्याच फोडणीतलं. झालं?"

मागच्या ओसरीत त्याने शेगडा, म्हणजे पकडून ठेवायचा लोखंडी चाप, बसवून दिला. पट्टी त्यात आवळायची, पंचाने ठोका मारून खूण करायची, नाहीतर ड्रिल घसरतं. आधी बारीक भोक, मग मोठं. हाताने फिरवायच्या ड्रिलची पाटी छातीला लावून हे दाबायचे. सदऱ्याखाली काळानिळा वण पडला होता. भोक बोल्टापेक्षा लहानच ठेवायचं, कारण आटे, म्हणजे आतले ते गोल गोल चढत जाणारे खाचे, उरलेल्या लोखंडातच कापायचे असतात. ते कापायचा टॅप सरळ उभा आहे ना हे गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून बघायचं. आणि मग तेल.

"अर्धा फेरा पुढे, थोडं मागे," मधुदादा सांगायचा. "मागे आलात की कीस तुटतो. आणि तेलात कंजूसी नको. टॅप कडक असतो, म्हणूनच काचेसारखा मोडतो."

यांनी दोन टॅप मोडले, तिसरा सांभाळला. पहिल्यांदा बोल्ट न अडखळता आत उतरला तेव्हा हे ती पट्टी घेऊन माईंकडे गेले. माईंनी चांगल्या हाताच्या बोटाने भोक चाचपलं. "गुळगुळीत नाही रे," म्हणाल्या. "गुळगुळीत असून चालत नाही, माई." दोघं हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं.

परीक्षा शनिवारी आली. तेलाची छोटी बाटली यांनी खिशात ठेवली. निघताना माई म्हणाल्या, "वाटेत मारुतीला तेल वाहून जा." खिशात तेवढंच तेल. यांनी सगळी बाटली मारुतीवर रिकामी केली. देवापुढे नेलेल्या बाटलीतलं अर्धं राखून ठेवणं यांच्याच्याने झालं नाही. वाटलं असेल, एवढ्या मोठ्या गिरणीत तेलाला काय तोटा.

पुढचं मधुदादाने सांगितलं. तो दाराशी उभा होता. भोक उत्तम पडलं. टॅप उभा राहिला. बाकावर चरबीचा डबा होता. यांनी तेल मागितलं. फोरमन म्हणाला, "तेल? यहाँ तो यही चलता है, पंडितजी. कारतूस थोड़े ही है, दाँत से नहीं काटना!" सगळे हसले. मधुदादा पुढे झाला, "मैं ला दूँ, साहब?" तर, "इम्तिहान आपका है क्या?"

हे डब्याकडे बघत राहिले. मग कोरडाच टॅप फिरवायला लागले. अर्धा पुढे, थोडं मागे. लोखंड किंचाळायला लागलं. निम्म्यावर टॅप कट्‌कन मोडला. मोडका टॅप भोकातून निघत नाही. ड्रिलपेक्षाही कडक असतो तो. फोरमनने पट्टी उचलून बाजूला टाकली. "अगला."

घरी येऊन यांनी हातपाय धुतले आणि माईंना कुशीवर वळवलं.

"काय झालं रे?"

"नाही जमलं, माई."

स्वयंपाकघरात मधुदादा दबक्या आवाजात तडतडत होता. "अहो, एक बोट लावायचं होतं! तिथे कोण बघायला येणार होतं?"

"मी होतो ना," हे म्हणाले.

नातवंडं विचारतात, साबणाने हात धुतले असते की. साबणातही तेव्हा चरबीच असायची, हे यांना फार पुढे कळलं. ऐकून नुसते "बरं" म्हणाले.

संक्रांत झाली आणि हे ग्वाल्हेरला गेले, जुन्या दफ्तरात, खालच्या जागेवर. निघायच्या आधी यांनी माईंना उचलून गादी बदलून घेतली. माईंनी नेहमीसारखे डोळे मिटले, ते हे बाहेर पडेपर्यंत उघडले नाहीत.

संध्याकाळी शेजारची शैला आली. आम्ही दोघींनी सतरंजीसकट माईंना उचललं. बाजेच्या खुराला त्यांचा खांदा आपटला. "सावकाश गं," शैलाच ओरडली, माई नाही. पुढे पुढे मी त्यांना वळवायचंच टाळायला लागले, कारण वळवताना त्या दात आवळायच्या. पाठीला जखमा झाल्या. मी म्हटलं, यांना बोलावून घेते. "नको," माई म्हणाल्या, "तिथली नोकरी पण जाईल."

उन्हाळा तापायच्या आत त्या गेल्या. यांना तार पोचली, गाडी मात्र दुसऱ्या दिवशीची मिळाली. क्षिप्रेवर नेताना त्यांना उचलायला मधुदादा होता, शैलाचा नवरा होता, गल्लीतले आणखी दोघं होते.