नानाजी ओरडले नाहीत

कोकिळाबाईच्या हातातला कप कलंडला आणि गरम चहा नानाजींच्या उघड्या पावलावर सांडला. तिने डोळेच मिटून घेतले. आता अख्खा वॉर्ड गोळा होणार! बाभळीचा काटा रुतला तरी अर्ध्या बोरी अरब गावाला कळवणारा हा नवरा.

"चहा आनला काय?" नानाजींनी पंख्याकडे पाहत विचारलं.

पाऊल लाल झालं होतं. तिने त्यांच्या पोटरीला करकचून चिमटा घेतला. नानाजी पंख्याकडेच पाहत राहिले.

ताप आला, मान ताठली, म्हणून ते काल यवतमाळच्या दवाखान्यात दाखल झाले होते. मेंदूचा ताप नाही ना, हे पाहायला सकाळी डॉक्टरांनी कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढलं होतं.

कोकिळाबाई सिस्टरला ओढतच घेऊन आली.

"सुईनंतर थोडं जड वाटतं, मावशी."

"जड नाई वो बाई, हा मानूस ओरडून नाई राह्यला!"

सिस्टर हसली आणि तिने नानाजींना पाय उचलायला सांगितलं. नानाजींनी दातओठ खाल्ले, भुवया उचलल्या. पाय जागचा हलला नाही. सिस्टर धावत सुटली.

तपासणीत दिसलं, की सुईच्या जागी आत रक्त साकळून नसा दाबल्या गेल्या होत्या. हजारोंत एखाद्याला होतं, डॉक्टर म्हणाले. लगेच ऑपरेशन करावं लागेल.

"हजारोत मीच?" नानाजींना भीतीतही जरा बरं वाटलं.

"रक्त पातळ करायची गोळी घेता का? सकाळी नाही म्हणालात."

"तुमी माही गोळी इचारली. मी घेतो ते तं हिची हाये."

डॉक्टरांनी कोकिळाबाईकडे पाहिलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"माह्या हृदयाची झडप बदलली. रोज गोळी गिळाचा मले कटाळा," ती हळूच म्हणाली. "मीच ह्यायले म्हनलं, तुमी रोज एक घ्या, तं मीबी घेईन."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

डॉक्टर क्षणभर खुर्चीवर बसले. मग उठून पळाले.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी उजवा अंगठा हलला, पाचव्या दिवशी डावा. ताप साधाच निघाला.

त्या पाचव्या संध्याकाळी कोकिळाबाईने पिशवीतून गोळी काढली. नानाजी उशीवरून टक लावून पाहत होते. ती गोळी बराच वेळ तिच्या तळहातावर होती. मग तिने ती तोंडात टाकली, वर तांब्याभर पाणी प्यायली, आणि नवऱ्यावर वाकून, तोंड उघडून, जीभ वर करून दाखवली.