सही केलेली चादर

खप घसरला की जाहिरात वाढवायची, एवढं एकच औषध त्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. मालकीण नावाजलेली अभिनेत्री. चादरी, साबण, मेणबत्त्या, सगळ्यावर तिची सही. सुरुवातीला झुंबड उडाली होती. आता गोदामात माल पडून होता.

"ताई, नवे फोटो काढू, जोडीला अत्तर आणू," मॅनेजर म्हणाला. "तुमचा चेहरा आहे, मग चिंता कसली?"

खर्च भागवायला शिवणखात्यातल्या बायकांना कमी करायचं, हेही त्याच दमात ठरलं. तिने मान डोलावली, पण मन खात राहिलं.

संध्याकाळी ती भावाकडे गेली. जरा पाठ टेकावी म्हणून आतल्या खोलीत शिरली, तर पलंगावर दुसऱ्याच कंपनीची चादर!

"वहिनी, माझ्या चादरी कुठे गेल्या?"

वहिनी ओशाळली. "कपाटात आहेत. राग मानू नकोस, पण कूस बदलली की कोपरे सुटतात. रंगही जातो. तुझ्या दादाचे बनियन गुलाबी झालेत!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं मन कशाला मोडायचं? बाहेरचे तरी कुठे बोलतात? पुन्हा विकत घेत नाहीत, झालं!"

"लोकांचं प्रेम आहे माझ्यावर," ती फणकारली.

"आहेच की! त्या प्रेमापोटीच पहिली चादर घेतली. दुसरी घेताना माणूस चादर बघतो. रात्रभर अंगाखाली चादर असते, बाई, तुझा चेहरा नसतो! बरं, तू स्वतः काय अंथरतेस?"

आपलीच चादर तिने फक्त फोटोपुरती अंथरली होती!

दुसऱ्या दिवशी तिने अत्तर रद्द केलं, साबण-मेणबत्त्या बंद केल्या. फोटोंचा पैसा कापडाकडे आणि पक्क्या रंगाकडे वळवला. एकाही बाईला घरी बसवलं नाही. प्रत्येक नवी चादर आधी स्वतःच्या पलंगावर अंथरू लागली. दोनदा तर सगळा माल परत शिवायला लावला. त्या वर्षी तोटाच झाला. पुढच्या वर्षी मात्र जुनी गिऱ्हाइकं परतू लागली आणि कंपनी कशीबशी स्वतःच्या पायावर उभी राहिली.

मंडळी, नाव गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणतं. त्याला टिकवतो तो माल. आवडत्या कलावंताला जीव जरूर लावा, पण वस्तू पारखूनच घ्या. आणि ती वाईट निघाली तर भीड न धरता सांगा. आपल्या गप्प बसण्याने कुणाचंच भलं होत नाही!